बधीर पायासाठी जोडा: मधुमेह असलेल्या गावकऱ्याने पादत्राण कसे करून घ्यावे

कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी वावरातून घरी आलो, हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके पडले आहेत, हे आमच्या सौभाग्यवतींनी पाहिले. मला त्याचा पत्ताही नव्हता. चप्पल उलटी केली, तेव्हा बाभळीच्या काट्याचे टोक मऊ तळातून आरपार वर आलेले दिसले. दिवसभर प्रत्येक पावलाला तो काटा माझ्या चवड्यात शिरत होता. विशेष म्हणजे ती चप्पल मी दोनच आठवड्यांपूर्वी शहरातील एका दुकानातून ‘मधुमेहींसाठी खास’ म्हणून घेतली होती. जखमेची पट्टी अडीच महिने चालली आणि त्या काळात मला पादत्राणाविषयी जे शिकावे लागले, ते यवतमाळ जिल्ह्यातील माझ्यासारख्या कास्तकाराला आधीच कळावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. औषधे आणि शुगर यांविषयी आपल्या डॉक्टरांचाच शब्द मानावा. येथे केवळ पायात काय घालावे आणि ते कसे मिळवावे, एवढेच सांगितले आहे.

मूळ अडचण अशी की दीर्घकाळ वाढलेल्या शुगरमुळे पायाच्या नसा निकामी होतात. वेदना कळणे थांबते, घाम येणे कमी होऊन कातडी कोरडी पडते व तिला भेगा जातात, आणि पायातील लहान स्नायू दुबळे झाल्यामुळे बोटे वाकडी होऊन चवड्याची हाडे खाली उतरतात. मग चालताना सगळा भार एकाच जागी पडतो. निरोगी माणसाला तेथे दुखू लागते आणि तो नकळत पाऊल बदलतो. बधीर पायाचा माणूस मात्र त्याच जागेवर हजारो पावले टाकत राहतो. तेथे आधी घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि अखेरीस कातडी फुटते. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला महारोग्यांच्या पायांनी शिकवली. महारोगात मांस आपोआप सडते असा जुना समज होता. वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की पाय सडत नाही, तर वेदना न कळल्यामुळे तो पुनःपुन्हा जखमी होतो. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ साली महारोगसेवा सुरू झाली आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. म्हणजे बधीर पायाची ओळख आपल्या विदर्भाला नवी नाही. मधुमेहींना आज सुचवला जाणारा मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या) रबराचा तळही याच सेवेत रुळलेला आहे.

१. पाय बधीर झाला आहे का, हे आधी तपासा

मधुमेह असलेल्या प्रत्येकाला खास जोडा लागतोच असे नाही. घरच्या घरी करता येणारी एक सोपी चाचणी आहे. आपण डोळे मिटून पडावे आणि घरातील कोणीतरी आपल्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोकाला बोटाने अगदी हलका स्पर्श एक-दोन सेकंद करावा. दाबू नये, टोचू नये, घासू नये. स्पर्श कळताच उजवा की डावा ते आपण सांगावे. सहा ठिकाणांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधीर होत असल्याचे समजून दवाखाना गाठावा. तेथे दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि कंप देणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून पक्की तपासणी करतात.

त्याच वेळी पायाची नाडी तपासून घेण्याचा आग्रह धरावा. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची गोष्ट वेगळी असते आणि केवळ जोड्याने तेथे भागत नाही. थोडे चालले की पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते, असे होत असेल तर ते आपणहून सांगावे. ‘वयाने होते’ म्हणून गिळू नये.

संवेदना शाबूत असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. बधिरतेबरोबर पायाचा आकार बदलला असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवावा लागतो. जखम भरलेला पाय हा सर्वांत जोखमीचा पाय असतो, हे माझ्याही फार उशिरा ध्यानात आले.

२. उघडी जखम असेल तर जोड्याच्या शोधात निघू नका

जोडा जखम होऊ नये म्हणून असतो. जखम असताना त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा लागतो, आणि त्यासाठी डॉक्टर बहुधा गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर किंवा तशाच प्रकारचा बूट देतात. वास, पू, लाली, ताप, बोट काळे पडणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे. आणखी एक फसवे लक्षण सांगतो: जखम कोठेच नाही, पण एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला आहे. याला लचक समजून तेल चोळले जाते आणि तोवर आतली हाडे मोडत जातात. असा पाय जमिनीला न टेकवता दाखवायला न्यावा.

३. सोबत काय न्यावे

जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा कक्ष असतो. गावातील आशाताईंना विचारले तर तेथील वार कळतात. जाताना पुढील गोष्टी एकाच पिशवीत ठेवाव्यात:

- आधार कार्ड आणि शिधापत्रिका, दोन्हींच्या झेरॉक्ससह
- जुने केसपेपर, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा ताजा अहवाल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या
- सध्या वापरात असलेली चप्पल किंवा जोडा, धुऊन नव्हे तर आहे तशी
- नेहमी घालतो ते मोजे
- कागदावर काढलेले दोन्ही पायांचे माप (त्याविषयी पुढे सांगितले आहे)

शासकीय आरोग्य योजनेतून काय मिळते, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला मापे देण्यापूर्वीच विचारावे. नंतर विचारल्यास बिल हातात पडलेले असते. बोट किंवा पायाचा भाग काढावा लागला असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करावी. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी साहाय्यक साधनांची केंद्राची योजना आहे. कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळणाऱ्या एमसीआर चपला त्या रुग्णांसाठी असतात. शेजाऱ्याला मिळाली म्हणून आपण मागायला जाऊ नये, आणि त्याची जुनी तर मुळीच घालू नये, कारण तिच्या तळात त्याच्या पायाचे खड्डे पडलेले असतात.

४. माप संध्याकाळी, उभ्याने आणि दोन्ही पायांचे घ्या

दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून सकाळचे माप संध्याकाळी आवळते. जमिनीवर जाड कागद पसरून त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्या माणसाने पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढावी. पेन्सिल तिरपी धरली तर माप लहान येते. दोन्ही पायांची मापे क्वचितच सारखी भरतात; जोडा मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. रेघेवरून कागद कापून तो पायाचा ठसा आपल्या आजच्या चपलेवर ठेवून पाहा. माझा कागद दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर आला, तेव्हा मी वीस वर्षे कोणत्या मापात चालत होतो, ते मला कळले.

आतली लांबी सर्वांत लांब बोटाच्या एक ते दोन सेंटिमीटर पुढे असावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असेही नाही. रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाइतकी, आणि उंची अशी की वाकडी बोटे वर घासणार नाहीत. येथे एक सापळा आहे. बधीर पायाला नीट बसणारा जोडा ‘ढिला’ वाटतो, कारण घट्टपणा जाणवावा म्हणून आपल्याला कितीतरी आवळावे लागते. दुकानात ‘कसा वाटतो?’ असे विचारतात, तेव्हा आपल्या उत्तराला काही किंमत नसते. कागद आणि हाताचे बोट यांचा निकाल मानावा.

५. जोडा कसा असावा

आपल्या पट्ट्यातील उन्हाळा पाहता बहुतेकांना बंद बुटापेक्षा मागे पट्टा असलेले सँडल सोसते. पायाचा आकार फार बिघडला असेल, तर मात्र बुटाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. तळाला दोन थर हवेत. पायाला लागणारा थर एमसीआरचा, साधारण दहा ते बारा मिलिमीटर जाडीचा असावा. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत तो दाबला असता जाडीच्या निम्म्यापर्यंत दबावा आणि सोडताच पूर्ववत व्हावा. दगडासारखा राहिला किंवा दबून तसाच बसला, तर तो एमसीआर नव्हे किंवा त्याचे दिवस भरलेले आहेत. खालचा थर मात्र चिवट आणि कडक रबराचा हवा. माझी चप्पल फसली ती याच ठिकाणी: शहरातील गुळगुळीत फरशीसाठी केलेला सबंध तळ मऊ होता, आणि आमच्या धुऱ्यावर बोर, बाभूळ, सराटा आणि कापणीनंतर उभे राहणारे तुरीचे खुंट आहेत. मऊ तळ पायाला भारापासून वाचवतो. काट्यापासून वाचवण्याचे काम खालच्या थराचे असते. दुकानदार पहिल्या थराचीच स्तुती करतो, आपण दुसऱ्याविषयी विचारावे.

पुढील गोष्टी असलेला जोडा, कितीही देखणा असला तरी, परत ठेवावा:

- अंगठ्याजवळ खुंटी किंवा कडी असलेली चप्पल. हवाई आणि कोल्हापुरी दोन्ही यात आल्या. ती पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात आणि बेचक्यात घासते.
- खिळे मारलेला तळ. शिवलेला आणि चिकटवलेला चालतो. झिजल्यावर खिळ्याचे टोक वर येते आणि आपल्याला ते कळत नाही.
- मागे पट्टा नसलेली सपाता. ती निसटते, आणि निसटल्याचेही कळत नाही.
- आत उठून आलेली शिवण किंवा टोकदार कडा. यासाठी आत हात घालून बोटे फिरवावीत.
- पावसाळ्यात बाजारात येणारे प्लास्टिकचे बूट. आत घाम साचतो, कातडी भिजते आणि कडा घोट्याला कापते.

पट्ट्याला वेल्क्रो लावतात, कारण सूज येईल तसे ते सैल करता येते. गावात फिरायला ते उत्तम आहे. वावरात मात्र त्यात कुसळे भरतात आणि चार दिवसांत ते चिकटेनासे होते, म्हणून शेतातल्या जोडाला मी बक्कल लावून घेतले.

चवड्याखाली पूर्वी जखम झालेली असेल, तर साध्या एमसीआरवर समाधान मानू नये. पायाच्या साच्यावर घडवलेला आतला तळ आणि पुढे होडीसारखा वर उचललेला कडक बाह्यतळ, ज्याला रॉकर म्हणतात, यांमुळे पाऊल उचलताना चवड्यावर येणारा दाब घटतो. मात्र रॉकरवर ओल्या धुऱ्यावरून चालताना तोल जातो, याची सवय होईपर्यंत हातात काठी ठेवावी.

६. करून कोणाकडून घ्यावा

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पादत्राणे व कृत्रिम अवयव तयार करणारा तंत्रज्ञ कोठे बसतो, हे अस्थिरोग किंवा शल्य विभागात विचारावे. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथे अशी महाविद्यालये आहेत, म्हणजे विदर्भातील बहुतेकांना एका दिवसात जाऊन येता येते. पाय वाकडा झालेला असेल, बोट काढलेले असेल किंवा पूर्वी जखम झाली असेल, तर हाच मार्ग धरावा.

पाय केवळ बधीर आहे आणि आकार ठीक आहे, तर तालुक्याचा कसबी चर्मकारही काम करू शकतो. अट एकच, सूचना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेल्या असाव्यात. मी आमच्या कारागिराला पायाचा कागद, एमसीआरचा तुकडा आणि न वापरायच्या गोष्टींची यादी दिली. सवयीने त्याने टाचेला तीन खिळे मारलेच. ते काढून घेण्यासाठी मला पुन्हा आठवडी बाजारापर्यंत थांबावे लागले, म्हणून खिळ्यांची गोष्ट निघताना दुसऱ्यांदा सांगावी.

७. दोन जोड करा: एक वावराचा, एक घरचा

या लेखातील एकच पायरी लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर काढतात, आणि माणूस समजतो की घरात काय चालणे होते! प्रत्यक्षात चूल, मोरी, गोठा, अंगण, संडास अशी आपली निम्मी पावले घराच्या आवारातच पडतात, आणि तीच अनवाणी पडतात. बाहेरचा जोडा आत नेणे घरच्यांना पटत नाही, आणि ते बरोबरही आहे. यावर उपाय म्हणजे कधीच बाहेर न जाणारा दुसरा जोड, खाटेजवळ ठेवलेला, रात्री उठतानाही पायात जाणारा. आमच्या घरी हे पटायला पंधरवडा लागला. ‘हा जोडा नव्हे, औषध आहे’ असे डॉक्टरांनी आमच्या आईसमोर सांगितले, त्यानंतर देवघराचा उंबरा सोडून सगळीकडे परवानगी मिळाली.

देवळाचा प्रश्न नाजूक आहे. मे महिन्यात तापलेल्या दगडी फरशीवर बधीर पाय भाजतो आणि भाजल्याचे फोड घरी आल्यावर दिसतात. दर्शनाला पहाटे जावे, जाड मोजे घालावेत आणि आवारात सावलीच्या बाजूने चालावे. अनवाणी शेगावला पायी जाण्याचा नवस असेल, तर तो कुटुंबातील दुसऱ्या कोणी फेडावा.

८. नवा जोडा हळूहळू वाढवा

पहिल्या दिवशी अर्धा तास, तोही घरात. मग जोडा काढून तळवा, बोटांच्या बाजू, टाच आणि घोटा पाहावा. लाली दिसली आणि ती वीस मिनिटांत गेली नाही, तर तेथे जोडा दाबतो आहे. तो पुन्हा न घालता कारागिराकडे न्यावा. लाली नसेल तर रोज अर्धा-एक तास वाढवावा. लग्नाच्या वरातीत नवे जोडे घालणे आपल्यासाठी नाही.

९. रोजची पाहणी आणि ऋतूंची खबरदारी

घालण्यापूर्वी जोडा उलटा करून झटकावा. त्यातून खडा पडेल, कधी विंचूही. मग आत हात घालून तळ चाचपावा. आपल्या हाताची बोटेही बधीर असतील, तर हे काम ज्याच्या बोटांना कळते त्याने करावे. आमच्याकडे ते नातवाकडे आहे. वावरातून आल्यावर बाह्यतळ पाहून रुतलेले काटे चिमट्याने ओढून काढावेत. वर मोडलेला काटा दिसत नाही, पण तळ वाकवला की त्याचे टोक उघडे पडते.

पायाची पाहणी रोज रात्री दिव्याखाली करावी. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा. घट्टा किंवा कुरूप दिसल्यास ब्लेडने कापू नये आणि कुरुपाच्या पट्ट्याही लावू नयेत, कारण त्यांतील औषध चांगली कातडीही जाळते. कोरड्या टाचांना खोबरेल तेल चालते, बोटांच्या बेचक्यात मात्र नको.

पावसाळ्यात काळी माती तळाला चिकटून जोडा दुप्पट जड होतो आणि पट्टा घासू लागतो, म्हणून दर तासाभराने धुऱ्यावर बसून ती खरडावी. घरी आल्यावर बेचके कोरडे पुसावे, नाहीतर चिखल्या होतात. हिवाळ्यात शेकोटीला पाय धरू नयेत आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नयेत. आंघोळीच्या पाण्याचा अंदाज कोपराने घ्यावा. जोडा वाळवायचा तो सावलीत.

मोजे फिक्या रंगाचे, सुती, सैल काठाचे आणि रोज धुतलेले असावेत. फिका रंग अशासाठी की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो.

१०. जोडा कधी बदलावा

रोज वावरात जाणाऱ्याचा मऊ थर काही महिन्यांतच बसतो, म्हणून तारखेची वाट न पाहता दर महिन्याला वर सांगितलेली चिमटीची चाचणी करावी. मऊ थर बसला असेल आणि बाकीचा जोडा ठीक असेल, तर तेवढाच थर बदलून घेता येतो. बाह्यतळ एका बाजूने झिजला असेल, तर पाऊल तिरपे पडत असल्याची ती खूण असते. असा जुना जोडा उकिरड्यावर टाकू नये. पुढच्या भेटीला तो सोबत न्यावा आणि तंत्रज्ञासमोर ठेवावा. आतल्या तळात जेथे सर्वांत खोल खड्डा पडला आहे, तेथेच नव्या जोड्यात भार कमी करायचा आहे, हे तो त्यावरून ओळखतो.